पट दोन-चार दिवसांचा, ट्रॅक बारमाही

शहरालगत मोटार-शर्यतींचा ट्रॅक करायचं म्हटलं की आजूबाजूच्या खेड्यांत आधी आवाजाचा विषय निघतो. त्यावर पारावरचं उत्तरही तयार असतं, "पटात काय कमी कल्ला रायते?" पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत.

बोलणं अगदीच खोटं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरसारख्या ठिकाणी जोडी सुटताना उठणारी आरोळी आणि दिवसभर चालणारा भोंगा ज्यांनी ऐकलाय, त्यांना कोणी शांततेचं कौतुक सांगू नये. पण शंकरपट सुगी आटोपल्यावर, दोन-चार दिवस, तोही दिवसाउजेडी. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने त्यांना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्या सगळ्या लढाईत मुद्दा बैलांच्या हालांचा होता, आवाजाचा नव्हता.

मोटारींच्या ट्रॅकचं भांडण मात्र जन्मापासून आवाजाशीच आहे. इंग्लंडमधला ब्रुकलँड्स हा मोटार-शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला पहिला ट्रॅक, 1907 चा. सुरू होताच एस. एफ. एज नावाच्या गड्याने तिथे सलग 24 तास गाडी पळवून विक्रम केला. शेजाऱ्यांची झोप उडाली आणि रात्रीच्या शर्यतींवर बंदी आली. ती इतकी पक्की की 1929 मध्ये 24 तासांची शर्यत घ्यायची ठरली, तेव्हा बारा-बारा तासांचे दोन तुकडे पाडून दोन दिवशी घ्यावी लागली. मधल्या काळात शेजारी कोर्टात गेले होते आणि गाड्यांना मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच तोडगा दोन गोष्टींवर आला होता : रात्र सोडा आणि धुराड्याला बोळा घाला. ट्रॅकच नको, असं तिथे ठरलं नाही, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे आवाज हा हवेच्या प्रदूषणाचा भाग म्हणून कायद्यात आला तो 1987 च्या दुरुस्तीने. ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम 2000 सालचे. त्यांत परिसराचे चारच प्रकार आहेत : औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री दहानंतर 45. कोणता भाग कशात मोडतो, हे राज्य सरकारने ठरवायचं. वावर, गोठा, धुरा म्हणजे शेताचा बांध, यांना या यादीत जागाच नाही. शिवाय ठरलेल्या मर्यादेच्या वर आवाज 10 डेसिबलने गेला, तर या नियमांखाली तक्रार करता येते. कागदावर 10 हा आकडा किरकोळ दिसतो, पण कानाला तो साधारण दुप्पट आवाज वाटतो.

अंतराचा हिशेबही करून पाहावा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. एखादी गाडी 15 मीटरवर 100 डेसिबल आवाज करत असेल, तर या हिशेबाने जवळपास एक किलोमीटरवर 64 उरतात. झाडं, जमीन, वारा त्यातून काही कमी करतात. पण हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत थंड हवा बसली की उलटंच होतं, वर जाणारा आवाज खाली वळतो आणि लांबवर ऐकू येतो. एरवी न ऐकू येणारी रेल्वे थंडीत गावात ऐकू येते, ती यामुळेच.

आवाज अडवता येत नाही असंही नाही. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या जंगलात गाड्यांचा आवाज आणि उजेड अडवायला भिंती उभ्या केल्या आहेत. त्या जनावरांसाठी, आणि योग्यच आहे. माणसांच्या वस्तीजवळ तेवढाच खर्च करा म्हटलं की मात्र अंदाजपत्रक आडवं येतं.

शिवाय ट्रॅकचं काम शर्यतीच्या दिवसापुरतं नसतं. सराव, गाड्यांची चाचणी, हौशी पोरांना तासावर भाड्याने देणं, खर्च त्यातूनच निघतो. म्हणून प्रस्ताव आला तर शर्यती किती, याआधी वर्षातले किती दिवस आणि किती वाजेपर्यंत, हे लेखी मागावं.

रात्रीचा मुद्दा खेड्यात वेगळाच आहे. तुरीच्या वावरात जागलीला गेलेला माणूस डोळ्यांवर नाही, कानांवर राखण करतो. रानडुकरांचा कळप शिरला की आधी पाला मोडल्याचा आवाज येतो. शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रपाळीची असली तर तोच माणूस मचाणीवर पडल्या पडल्या विहिरीवरचा पंप ऐकत असतो. पंपाचा सूर चढला की पाणी तुटलं, हे उठून न बघताच त्याला कळतं, आणि तो बॅटरी घेऊन विहिरीकडे निघतो.