पीईजी-पीएलए ब्लॉक कोपॉलिमर आणि त्याचे मायसेल

पीईजी-पीएलए हा अँफिफिलिक ब्लॉक कोपॉलिमर, म्हणजे एकाच साखळीचा अर्धा भाग पाण्यात रमणारा आणि अर्धा पाण्यापासून पळणारा. रमणारा तो पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पळणारा पॉलिलॅक्टिक ॲसिड, थ्रीडी प्रिंटिंगच्या रिळात असतो तोच. या साखळ्या पाण्यात पडल्या की पीएलएचे भाग एकमेकांना चिकटून आत गाभा करतात, पीईजी बाहेर केसांसारखा पसरतो आणि साधारण 10 ते 100 नॅनोमीटरचा गोळा होतो, तो मायसेल. साबणाचंही असंच होतं, पण साबणाच्या पाण्यात अजून पाणी ओतलं की ते मायसेल सुटून जातात, हे मात्र लिटरला काही मिलिग्रॅम एवढ्या पातळ द्रावणातही टिकतात.

गंमत अशी की ज्याला शेवटी पाण्यातच सोडायचंय, ते बनवताना पाणी अजिबात चालत नाही. पीईजीच्या एका टोकाला मिथॉक्सीचं बूच असतं, दुसऱ्या टोकाचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) लॅक्टाइडची, म्हणजे ज्यापासून पीएलए बनतं त्या छोट्या रेणूची, रिंग उघडतो आणि एकेक करत साखळी वाढते, त्याला किंचित स्टॅनस ऑक्टोएट कॅटॅलिस्ट लागतो, टोल्युईनमध्ये 110 डिग्रीच्या आसपास, नायट्रोजनखाली. आता हिशोब बघा, 5000 मॉलिक्युलर वेटचं 5 ग्रॅम पीईजी घेतलं तर साखळ्या झाल्या फक्त 1 मिलिमोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक), आणि तेवढेच रेणू असलेलं, म्हणजे 1 मिलिमोल पाणी भरतं 18 मिलिग्रॅम. ड्रॉपरचा एक थेंबच 50 मिलिग्रॅमच्या आसपास असतो! पाण्यालाही ओएच आहेच, त्यामुळे ते स्वतःच्याच पीएलए साखळ्या सुरू करतं, ज्यांना पीईजीची शेपटी नसते, आणि मग पुढे मायसेल करायला गेलं की द्रावण गढूळ होऊन पांढरा गाळ बसतो. म्हणून पीईजी आधी टोल्युईनबरोबर उकळून त्यातलं पाणी उडवून लावतात. खरी मेहनत इथेच आहे, बाकी रिॲक्शन तशी साधी.

शेवटी सगळं थंड डायइथिल ईथरमध्ये ओतलं की पांढरा पॉलिमर खाली बसतो.

मायसेल करायला तो ॲसिटोनमध्ये विरघळवून ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडायचा आणि ॲसिटोन उडू द्यायचा. जमलं असेल तर पाण्याला उजेडात हलकी निळसर झाक येते. एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकाच्या मदतीने रेणूतले अणू ओळखायच्या तपासणीत, तर मजाच, क्लोरोफॉर्ममध्ये दोन्ही भागांचे पीक (आलेखातले उंचवटे) दिसतात पण जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या पाण्यात) पीएलएचे जवळजवळ गायब होतात, कारण गाभ्यात त्या साखळ्या हलूच शकत नाहीत.

उपयोग मुख्यतः पाण्यात न विरघळणारी औषधं गाभ्यात भरायला. कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल आधी क्रेमोफोर नावाच्या, एरंडेलापासून केलेल्या द्रव्यात द्यायचे आणि त्यानेच काही पेशंटना जोरदार ॲलर्जी यायची. दक्षिण कोरियात 2007 मध्ये मंजूर झालेलं जेनेक्सॉल-पीएम क्रेमोफोरशिवाय, याच जातीच्या मायसेलमधून जातं. पाण्यात ठेवलं तर पीएलएचे एस्टर बंध हळूहळू तुटतात, म्हणून ते येतं कोरड्या पावडरीत आणि द्यायच्या आधी सलाइनमध्ये विरघळवतात.