एजंटाचा धंदा राजपत्राने कसा बदलला

१ जानेवारी २०२४ पासून महाराष्ट्रात नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाकडे महारेराचं, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाचं, सक्षमता प्रमाणपत्र असावं लागतं. आधी वीस तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा. पहिली परीक्षा २० मे २०२३ ला झाली. वीस-वीस वर्षं धंद्यात घालवलेल्यांनाही सूट नव्हती. ज्यांनी हे केलं नाही अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. ‘आता पोरांबरोबर बाकावर बसायचं का?’ अशी कुरकुर तेव्हा मुंबई-पुण्यातल्या एजंटांच्या ऑफिसांत बरीच ऐकू यायची.

कुरकुर समजण्यासारखी होती, नवी मात्र नव्हती. घर विकणाऱ्या माणसाला दर दहा-पंधरा वर्षांनी धंदा नव्याने शिकावा लागतो, हे इथे पाऊणशे वर्षं चालू आहे. मोबाइल आला, पोर्टलं आली म्हणून सगळं बदललं, असं आपण सहज म्हणतो. इतिहास चाळला तर मोठी वळणं बहुतेक वेळा सरकारी राजपत्रातून आलेली दिसतात. एका कायद्याने एजंटाचं जुनं काम काढून घेतलं आणि त्याच कायद्याने नवं काम तयार केलं, असं वारंवार झालं. टिकले ते हे नवं काम लवकर ओळखणारे.

सुरुवात १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यापासून करावी लागते. या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. गिरगाव, दादर, परळच्या चाळींत भाडं नाममात्र राहिलं आणि खोलीची खरी किंमत पागडीत गेली. भाडेकरू खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून रोख रक्कम घ्यायचा आणि त्यातला तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, घरमालकाला द्यायचा. हे सगळं बेकायदेशीर, म्हणून पावती नाही, करार नाही. अशा बाजारात दलालाचं भांडवल एकच, ते म्हणजे कान. कोण गावी परत चाललाय, कुणाची बदली झालीय, कुठल्या घरात भावांचं पटत नाही, ही खबर ज्याला आधी लागायची त्याला दलाली मिळायची. दुसरं भांडवल शब्दाचं. पैसे त्याच्या हातातून जायचे आणि बुडाले तर दाद मागायला जागाच नव्हती. पागडीला कायदेशीर मान्यता मिळायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यावा लागला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

मधे १९७३ मध्ये एक दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे मालकाच्या तात्पुरत्या परवानगीवर, घरात राहत असलेल्या माणसाला भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालक हबकले. एकदा घरात शिरलेला माणूस बाहेर निघणार नाही, ही धास्ती मुंबई-पुण्याच्या मालकवर्गाच्या मनातून अजूनही पुरती गेलेली नाही. त्यातून अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत घट्ट झाली आणि एजंटाला अनपेक्षित लाभ झाला: दर अकरा महिन्यांनी नवा करार किंवा नवा भाडेकरू, म्हणजे पुन्हा एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली. मालकाचं रक्षण करायला निघालेल्या पद्धतीवर कित्येक एजंटांची घरं चालली.

विकत घ्यायचा फ्लॅट ही कल्पना सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती १९६० च्या सहकारी संस्था कायद्यामुळे आणि १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यामुळे, म्हणजे धंद्यातल्या बोलीत ‘मोफा’मुळे. मोफाने बिल्डरवर लेखी करार, वीस टक्क्यांपर्यंतच आगाऊ रक्कम, सोसायटी स्थापन करणं आणि शेवटी जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे तिची मालकी सोसायटीच्या नावे करून देणं, अशी बंधनं घातली. अंमलबजावणी ढिली होती आणि कन्व्हेयन्सविना दशकानुदशकं अडकलेल्या सोसायट्या हा त्याचा पुरावा आहे. पण एजंटाच्या दृष्टीने फरक पडला. खोलीच्या खबरीवर चालणारा माणूस आता कागद वाचू लागला. रीसेलच्या फ्लॅटमध्ये आधीच्या सगळ्या मालकांचे करार ओळीने आहेत का, शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलंय का, सोसायटीची ना-हरकत मिळेल का, हे बघणं त्याच्याकडे आलं. आजही चांगला रीसेल एजंट घरात शिरल्यावर बाल्कनीतलं दृश्य दाखवण्याआधी मालकाला विचारतो, ‘ओरिजिनल चेन आहे ना?’ मधला एक करार गहाळ असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, वकिलाचा शोध अहवाल हे सगळं करून घ्यावं लागतं. त्यात दोन-तीन महिने सहज जातात आणि पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, तोवर दुसरं घर बघून मोकळी होते.

१९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटर आणि पुण्यात १००० चौरस मीटरवरची मोकळी जमीन अतिरिक्त ठरवली. हेतू गरिबांना घरं मिळावीत हा. झालं उलटं. जमीन बाजारातून गायब झाली आणि सवलतीच्या फायली चालवू शकणाऱ्या मध्यस्थांना महत्त्व आलं. मंत्रालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्या पायऱ्या झिजवणारा जमीन दलाल ही जात याच काळात बळावली. शहराच्या कडेला शेतजमिनी गुंठ्या-गुंठ्याने विकल्या जाऊ लागल्या. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि हाताशी सात-बाराच्या उताऱ्याची झेरॉक्स. त्यातून उभ्या राहिलेल्या वस्त्या नियमित करायला पुढे २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. कमाल जमीन धारणा कायदा केंद्राने १९९९ मध्ये रद्द केला तरी महाराष्ट्राने तो नोव्हेंबर २००७ पर्यंत धरून ठेवला. तोवर या मध्यस्थांपैकी बरेच जण स्वतःच बिल्डर झालेले होते.

दुसरीकडे पैशाची वाट बदलत होती. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये एचडीएफसी सुरू केली तेव्हा पगारदार माणसाने घरासाठी कर्ज काढणं हे धाडसच होतं. निवृत्तीच्या पैशातून घर, हा रिवाज. २००० नंतर व्याजदर उतरले, २००३-०४ च्या सुमारास साडेसात टक्क्यांच्या आसपास आले. २००१ च्या अर्थसंकल्पात गृहकर्जाच्या व्याजावरची वजावट दीड लाखांपर्यंत गेली आणि तिशीतला माणूस घर घेऊ लागला. एजंटाला आता पगाराच्या स्लिपा आणि हप्त्याचं गणित समजणं भाग पडलं. रोखीच्या व्यवहारात मुरलेल्या जुन्या मंडळींना हे फार जड गेलं, कारण बँक कर्ज देते ते कराराच्या आकड्यावर आणि तो आकडा तर ते आयुष्यभर कमी दाखवत आले होते. १९९५ नंतर मुंबईतले भाव घसरले आणि काही वर्षं उठले नाहीत. त्या पडत्या काळात अनेकांनी धंदा सोडला. त्यांची जागा कर्जाची फाइल करता येणाऱ्या नव्या पिढीने घेतली.

पुण्यात हे जास्त स्पष्ट दिसलं. हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं. हडपसरला सतीश मगर यांच्या पुढाकाराने शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. गिऱ्हाईक बदललं: नवरा-बायको दोघं नोकरीला, शनिवार-रविवारीच मोकळे, सगळी चौकशी आधीच करून आलेले. परदेशातले मराठी इंजिनियर आई-वडिलांना साइटवर पाठवून स्वतः फोनवर भाव करायचे. बिल्डरांनी प्रत्येक साइटवर स्वतःची विक्रीची माणसं बसवली आणि बाहेरच्या एजंटांना ‘चॅनल पार्टनर’ केलं. सॅम्पल फ्लॅट, साइट व्हिजिट, सोर्सिंग मॅनेजर, क्लोझिंग मॅनेजर, सगळी भाषाच नवी. प्री-लाँचचं पेव फुटलं ते याच काळात. मंजुरी हातात नसताना कोऱ्या जमिनीवर चेक गोळा व्हायचे आणि मोफात कारपेटची, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेची, अट असूनही विक्री व्हायची सुपर बिल्टअपवर, म्हणजे भिंती, जिने, लॉबी धरून. हजार फुटांचा फ्लॅट घेतलेला माणूस आत सातशे फुटांत राहायचा. हे एजंटांना माहीत नव्हतं असं नाही. विचारणारं कुणी नव्हतं. बुकिंगला वीस टक्के भरा, उरलेले ताब्याच्या वेळी, अशा योजनाही खूप चालल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांशी जोडायला सांगितली आणि त्यांची हवा गेली.

पोर्टलांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. ९९एकर्स २००५ मध्ये आलं, मॅजिकब्रिक्स २००६ मध्ये, हाउसिंग डॉट कॉम २०१२ मध्ये, तर नोब्रोकर २०१४ मध्ये थेट नावातच एजंटाला रजा देऊन. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘एजंट क्षमस्व’ ही ओळ त्याआधी कितीतरी वर्षं छापून येत होती आणि त्या नंबरवर सकाळी सातला पहिला फोन एजंटाचाच जायचा. पोर्टलवरही तेच झालं. पैसे भरून जाहिराती टाकणाऱ्यांत एजंटच मोठ्या संख्येने होते. खबर सर्वांना फुकट मिळू लागली हे खरं, पण एकच फ्लॅट पाच भावांत आणि सात फोटोंत दिसू लागल्यावर यातला खरा कुठला, हे सांगणारा माणूस पुन्हा लागलाच.

खरा झटका २०१५ ते २०१९ या चार वर्षांत बसला. १ जून २०१५ पासून मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने आगाऊ घ्यायला बंदी आली, म्हणजे टोकनही चेकने. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि अर्धवट रोखीत ठरलेले कितीतरी रीसेलचे सौदे जागच्या जागी थिजले. १ मे २०१७ ला रेरा, म्हणजे प्रकल्प आणि एजंट यांचं नियमन करणारा केंद्राचा कायदा, पूर्णपणे लागू झाला आणि दोन महिन्यांत, १ जुलैला, जीएसटी आला.

रेरा एजंटापर्यंत जितका खोल गेला तितका आधीचा एकही कायदा गेला नव्हता. मोफात एजंट जवळजवळ नव्हताच. रेरात त्याच्यासाठी स्वतंत्र कलमं आहेत. नोंदणी पाच वर्षांसाठी, महाराष्ट्रात शुल्क व्यक्तीला १० हजार आणि संस्थेला १ लाख. नोंदणीविना विक्री केली तर दिवसाला १० हजार रुपये दंड, तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात नाही, बुकिंग नाही, म्हणजे प्री-लाँच संपलं. करार केल्याशिवाय दहा टक्क्यांवर रक्कम नाही. ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात. ‘समोर गार्डन होणार, मागून मेट्रो जाणार’ ही तोंडी आश्वासनं देणंही अंगलट येऊ लागलं, कारण खोटी माहिती देणं हा एजंटाचा गैरव्यवहार ठरला. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक झाला. गिऱ्हाईक बाकावर बसल्या बसल्या मंजूर नकाशा, ताब्याची तारीख आणि विकल्या गेलेल्या फ्लॅटांची संख्या पाहू शकतं.

गंमत अशी की यामुळे चॅनल पार्टनर कमकुवत होण्याऐवजी संख्येने वाढले. पैशाचे मार्ग आटल्यावर छोटे बिल्डर मागे पडले, मोठे पुढे आले आणि त्यांना विक्री वेगाने हवी होती. पण एजंटाचं बिल्डरवरचं अवलंबित्व वाढलं आणि ते टॅगिंगच्या वेळी, म्हणजे पार्टी कुणी आणली याची नोंद होताना, नेमकं दिसतं. एजंट पार्टीला साइटवर आणतो. रिसेप्शनला पार्टीचा मोबाइल नंबर टाकतात, ओटीपी जातो आणि संगणक सांगतो की या नंबरवरून महिनाभरापूर्वी फेसबुकच्या जाहिरातीतून चौकशी आलेली आहे. झालं, ती पार्टी कंपनीची. एजंटाने चार रविवार तिच्या मागे घालवलेले असले तरी दलाली शून्य. टॅग झालीच तर दलाली करार नोंदवून आणि ठरलेली रक्कम जमा झाल्यावर, त्यासाठी जीएसटीसह बिल, बिलावर रेरा नंबर, वर टीडीएस कापलेला. पैसे हातात यायला तीन-चार महिने लागले तर कुणाला आश्चर्य वाटत नाही. ज्यांच्याकडे तेवढा दम धरायला पैसे नसतात ते वर्षभरात दुसरीकडे वळतात. माझ्या मते या धंद्यातली मोठी गळती परीक्षेपेक्षा इथे होते.

कोविडच्या काळात राजपत्राची ताकद पुन्हा दिसली. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत होती, मुंबईत पाचाचं दोन झालं. डिसेंबरमध्ये एकट्या मुंबईत १९ हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. एजंट तेव्हा घरं दाखवण्याऐवजी शुल्क आधी भरून घेणं, दुय्यम निबंधकाकडे वेळ मिळवणं, साक्षीदार उभे करणं यातच गुंतले होते.

भाड्याच्या बाजारात असंच काम ऑनलाइन नोंदणीने दिलं. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक होतीच, ती घरबसल्या होऊ लागल्यावर बायोमेट्रिक यंत्र आणि लॅपटॉप घेऊन घरी येणारा माणूस तयार झाला. तो बहुतेकदा जुना एजंटच असतो. पुण्यात कोथरूड, वाकड भागात अनेकांचा महिन्याचा खर्च या करारांवर निघतो.

इथेच एक फट राहिली आहे. रेराची एजंट नोंदणी लागते ती रेराखालच्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. वीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट विकून देणाऱ्याला किंवा भाड्याने वन बीएचके दाखवणाऱ्याला ना नोंदणी लागते, ना परीक्षा. प्रशिक्षण चुकवलेल्यांपैकी बरेच जण त्या बाजूला सरकले, तर काहींनी पुनर्विकासाची वाट धरली: सोसायटीची कमिटी आणि बिल्डर यांच्यात बोलणी लावून देणं, सभासदांना पर्यायी भाड्याची घरं शोधून देणं. मुंबईच्या उपनगरांत आणि पुण्यात जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जाऊ लागल्यापासून या कामाला मागणी आहे आणि त्यासाठी एजंटाला अजून कुठलं प्रमाणपत्र लागत नाही.