‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं स्क्रीनवर आलं तर

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. कॉम्प्युटरजवळच ठेवा, घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा.

पूर्ण स्क्रीनभर लाल किंवा निळं पान, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, भोंग्यासारखा आवाज, ‘ट्रोजन स्पायवेअर सापडला’, ‘कॉम्प्युटर बंद किंवा रीस्टार्ट करू नका’ आणि खाली ठळक अक्षरांत फोन नंबर. असं काही दिसलं तर त्या नंबरवर फोन करू नका आणि पानावरचं कुठलंही बटण दाबू नका. त्या क्षणी बहुतेक वेळा मशीनला काहीच झालेलं नसतं. ते व्हायरस नाही, एक वेबपेज आहे. खरं नुकसान पुढे होतं, फोनवर.

वेबसाइटला तुमची हार्ड डिस्क तपासता येत नाही. ‘५ व्हायरस सापडले’ ही मोजणी म्हणजे आधीच तयार केलेलं चलचित्र असतं. पानावर तुमचा आयपी अ‍ॅड्रेस (तुमच्या नेट जोडणीचा क्रमांक), शहर आणि इंटरनेट कंपनीचं नाव दिसतं म्हणून माणूस घाबरतो. पण ही माहिती तुम्ही उघडता त्या प्रत्येक वेबसाइटला मिळतच असते. शहर तर इंटरनेट कंपनीच्या नोंदीवरून अंदाजाने येतं, त्यामुळे इचलकरंजीत बसलेल्यालाही कधी मुंबई दिसते. स्क्रीन ‘लॉक’ झाल्यासारखी वाटते, कारण तुम्ही पानावर कुठेही एकदा क्लिक केलं की त्या पानाला फुल स्क्रीन होता येतं. मग ते खोटी अ‍ॅड्रेस पट्टी आणि खोटा टास्कबार रंगवतं आणि माउसचा बाणही लपवतं.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. विंडोजच्या खऱ्या अँटिव्हायरसची सूचना उजव्या कोपऱ्यात छोट्या चौकोनात येते आणि ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडल्यावर तिथेही तीच नोंद दिसते. मशीन खरोखर क्रॅश झालं तर स्क्रीनवर स्टॉप कोड (बिघाडाचा संकेत) येतो, तिथेही नंबर नसतो. पत्त्यात ‘विंडोज डॉट नेट’ आहे म्हणून पान मायक्रोसॉफ्टचं असं समजू नका. ती कंपनीची भाड्याने मिळणारी जागा आहे आणि ठग तिथेही पानं टाकतात.

पान कसं बंद करायचं

एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबून उपयोग नाही, कारण हे पान छोटा दाब स्वतःकडे वळवू शकतं. दाबून धरलं की ब्राउझर फुल स्क्रीनमधून बाहेर येतोच. मग कंट्रोल आणि डब्ल्यू दाबून टॅब बंद करा. ‘लीव्ह साइट?’ असं विचारलं तर ‘लीव्ह’ निवडा.

तरी हललं नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबा. हे तीन बटणांचं काम विंडोज स्वतः सांभाळतं, कुठलंही वेबपेज ते अडवू शकत नाही. टास्क मॅनेजर उघडा, यादीतली क्रोम किंवा एजची ओळ निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. माउस दिसत नसेल तर बाणांच्या बटणांनी त्या ओळीवर जाऊन डिलीट दाबा. यात फक्त ब्राउझर बंद होतो. वर्ड, टॅली जिथल्या तिथे राहतं. काहीच जमलं नाही तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा. सेव्ह न केलेलं काम जाईल, बाकी काही नाही.

पुन्हा इथेच बरेच जण अडकतात: ब्राउझर उघडला की ‘रिस्टोअर पेजेस’ असं विचारतो, आणि हो म्हटलं की तेच पान परत. तिथे फुली मारा. न विचारताच पान परत येत असेल, तर वायफाय बंद करून ब्राउझर उघडा, तो टॅब बंद करा, सेटिंग्जमध्ये ‘ऑन स्टार्टअप’ खाली ‘ओपन द न्यू टॅब पेज’ निवडा आणि मगच नेट चालू करा.

मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबून सफारी ‘फोर्स क्विट’ करा आणि पुन्हा उघडताना शिफ्ट दाबून धरा. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, क्रोम, ‘फोर्स स्टॉप’. ‘तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस आहेत, बॅटरी खराब होतेय’ म्हणत फोन थरथरवणारं पान याच जातीचं. त्याने सुचवलेलं ‘क्लीनर’ अ‍ॅप घेऊ नका.

कोपऱ्यात रोज इशारे येत असतील तर

दुकानात येणाऱ्यांना वाटतं की मशीनमध्ये व्हायरस शिरलाय आणि फॉरमॅट करावं लागेल. सहसा तशी गरज नसते. एखाद्या सिनेमाच्या किंवा फुकट डाउनलोडच्या साइटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा’ म्हटलेलं असतं आणि ते दाबल्याने त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते. मग मॅकॅफी, नॉर्टन यांच्या नावाने ‘मुदत संपली’ असे चौकोन येत राहतात. नीट पाहिलं तर त्या चौकोनावर बारीक अक्षरांत ब्राउझरचं आणि साइटचं नाव असतं.

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. ‘अलाउ’च्या यादीतल्या अनोळखी साइटसमोरचे तीन ठिपके दाबून ‘रिमूव्ह’ करा आणि वर ‘साइट्सना विचारू देऊ नका’ या अर्थाचा पर्याय निवडा. फोनवरच्या क्रोममध्येही हीच यादी असते. पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी पैसे मोजू नका.

रोबोट नसल्याचं सिद्ध करण्याचा नवा प्रकार

आतापर्यंत सांगितलेल्या पानांपेक्षा हा जास्त धोक्याचा. पान सांगतं: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. तुम्ही चौकटीवर क्लिक केलंत तेव्हाच पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. या तीन पायऱ्यांत तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम उतरतो. कुठलीही खरी तपासणी ‘रन’ची चौकट उघडायला सांगत नाही. एंटर दाबून झालं असेल तर नेट तोडा आणि पुढच्या भागातल्या सगळ्या पायऱ्या करा.

फोन केला असेल, मशीनचा ताबा दिला असेल तर

समोरचा माणूस गोड बोलतो, हिंदीत किंवा मराठीतही बोलू शकतो. असे कॉल सेंटर आपल्याच देशात चालतात: सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये ७६ ठिकाणी छापे घातले, त्यातले दोन गुन्हे अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या तक्रारींवरून टेक सपोर्टच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीचे होते.

तो दुरून मशीन चालवायची अ‍ॅप्स, म्हणजे एनीडेस्क, अल्ट्राव्ह्यूअर, टीमव्ह्यूअर किंवा विंडोजमधलंच क्विक असिस्ट उघडायला लावतो. ही अ‍ॅप्स खरी आहेत, म्हणून अँटिव्हायरस ओरडत नाही. मग तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजची नोंदवही उघडून लाल खुणा दाखवतो. त्या नव्याकोऱ्या मशीनमध्येही असतात. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ची, म्हणजे चालू नेट जोडण्यांची यादी दाखवून ‘हे सगळे हॅकर’ म्हणतो. ती तुमच्याच ब्राउझरची आणि अपडेटची जोडणी असते. शेवटी पाच-दहा हजारांचा ‘प्लॅन’, किंवा नेट बँकिंग उघडायला लावून ‘जास्त रिफंड गेला, परत करा’. बँकेच्या पानावरचा आकडा त्याने ब्राउझरमध्ये फक्त दिसण्यापुरता बदललेला असतो. पान रिफ्रेश केलं की खरा आकडा दिसतो.

नुसता फोन केला असेल, ताबा दिला नसेल, तर नंबर ब्लॉक करा. ताबा दिला असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी नेट तोडा: वायफाय बंद, लॅनची वायर बाहेर. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर; गूगलवर नंबर शोधू नका, तिथेही खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. नेट बँकिंग, यूपीआय, कार्ड तिन्ही बंद करायला सांगा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. खाते क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेच्या मेसेजमधला संदर्भ क्रमांक), रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकत जातो, तो मध्येच गोठवायचा तर इथे मिनिटं मोजली जातात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवलं आहे की ओटीपी किंवा पासवर्ड ग्राहकाने स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

त्यानंतर पासवर्ड बदला, पण त्याच मशीनवरून नाही. पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. जीमेलमध्ये ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा, रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना आणि फॉरवर्डिंगला परका पत्ता नाही ना, ते पाहा.

एनीडेस्क काढून टाकलं की झालं, असं नाही. काही ठग स्क्रीनकनेक्टसारखं दुसरं अ‍ॅप मागे ठेवतात. ते सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालतं आणि डेस्कटॉपवर त्याचं चिन्हही दिसत नाही. काही जण डिफेंडरच्या (विंडोजच्या अँटिव्हायरसच्या) ‘एक्सक्लूजन्स’मध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या यादीत, पूर्ण सी ड्राइव्ह घालून ठेवतात, म्हणजे स्कॅन स्वच्छ येतो आणि आत सगळं तसंच. त्यामुळे आधी एक्सक्लूजन्स रिकामं करा आणि मगच ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. त्यासाठी मशीन रीस्टार्ट होतं आणि साधारण पंधरा मिनिटं लागतात. ताबा बराच वेळ दिला असेल किंवा समोर काळी खिडकी उघडली गेली असेल, तर कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढून विंडोज ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ने नव्याने घालणं हाच आमचा सल्ला.

पोलिसांत जाणार असाल तर काही पुसण्याआधी स्क्रीनचे फोटो काढा. इन्स्टॉल केलेल्या एनीडेस्कची सी ड्राइव्हमधल्या ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरात ‘कनेक्शन ट्रेस’ नावाची फाइल असते, समोरच्याचा एनीडेस्क क्रमांक आणि वेळ तिच्यात नोंदलेली असते. ती पेनड्राइव्हवर घ्या. काही आठवड्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो’ म्हणून कोणी फोन केला तर तीही फसवणूकच समजा. एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात.

आधीच करून ठेवायचं

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सिक्युरिटी इथे ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ चालू करा. २०२५ पासून त्यात अशी पानं ओळखण्याची सोय आली आहे. एजमध्ये ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ शोधून चालू करा. जाहिराती अडवायला फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन, क्रोममध्ये त्याची लाइट आवृत्ती. ही पानं बहुतेक जाहिरातींतून येतात, त्यामुळे याचा फरक लगेच दिसतो.

आम्हीसुद्धा दुरून दुरुस्तीसाठी एनीडेस्क वापरतो, म्हणून आमची पद्धत सांगून ठेवतो. तुम्ही तक्रार नोंदवल्याशिवाय आमचा फोन येणार नाही. ओटीपी किंवा यूपीआय पिन द्यायला किंवा नेट बँकिंग उघडायला आम्ही कधीच सांगणार नाही. शंका आली तर फोन कापा आणि आमच्या बिलावर छापलेल्या नंबरवर उलट फोन करा. खात्री झाल्यावरच एनीडेस्कमध्ये ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबा.