विक्रमोर्वशीयाचा चौथा अंक: पुरूरव्याच्या विलापामागचा इतिहास

कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'चा चौथा अंक जवळजवळ सगळा एकाच नटाच्या अंगावर आहे. अप्सरा उर्वशी हरवली आहे आणि राजा पुरूरवा मोर, कोकिळा, हंस, चक्रवाक, भुंगा, हत्ती, डोंगर, नदी, भेटेल त्याला तिचा पत्ता विचारत रानात भटकतो आहे. आपण याला सरसकट 'स्वगत' म्हणतो. संस्कृत नाट्याच्या परिभाषेत स्वगत म्हणजे रंगमंचावरच्या इतर पात्रांना ऐकू जाऊ नये असं मनातलं बोलणं. पुरूरवा मनात काहीच बोलत नाही. तो उघड उघड समोरच्याशी बोलतो, फक्त समोरचा उत्तर देणारा नाही. या फरकावर सगळा अभिनय उभा आहे.

कथेचं मूळ ऋग्वेदात, दहाव्या मंडलातल्या 95व्या सूक्तात सापडतं. तिथे 18 ऋचांमध्ये दोघांचा संवाद आहे. उर्वशी समोर उभी आहे आणि निघून जायचं तिचं ठरलेलं आहे. पुरूरवा जीव देण्याची भाषा करतो, तेव्हा ती त्याला मरू नकोस म्हणते आणि लगेच सुनावते की स्त्रियांशी सख्य म्हणून काही नसतंच. शतपथ ब्राह्मणाने या ऋचांना सलग गोष्टीत बसवलं. कालिदासाने मात्र या प्रसंगातून उर्वशीलाच बाजूला काढलं. मंदाकिनीच्या वाळूत खेळणाऱ्या एका विद्याधरकन्येकडे राजा टक लावून पाहत राहिला, म्हणून ती रागावून निघाली आणि स्त्रियांना मज्जाव असलेल्या कुमारवनात शिरताच तिची वेल झाली. हे प्रेक्षकांना अंकाच्या सुरुवातीलाच चित्रलेखा आणि सहजन्या या अप्सरांच्या बोलण्यातून कळतं. पुरूरव्याला ठाऊक नसतं. त्यामुळे त्याची वणवण प्रेक्षकांना आधीच व्याकूळ करत असते आणि नटाने पहिल्या वाक्यापासून रडायला लागण्याची मुळीच गरज नसते. हरवलेल्या सीतेचा ठावठिकाणा झाडांना विचारणारा वाल्मीकींचा राम या प्रसंगाचा पूर्वज म्हणता येईल.

उतारा बसवायला घेण्याआधी हातात कोणता पाठ आहे ते पाहावं. उत्तरेकडच्या हस्तलिखितांत या अंकात संस्कृत श्लोकांच्या मधे अपभ्रंशातली गीतं आहेत, आणि त्यांच्यासोबत द्विपदिका, चर्चरी अशा नृत्यगायनाच्या सूचना. दक्षिणेकडच्या पाठात ती नाहीत. शंकर पांडुरंग पंडितांनी 1879 मध्ये मुंबई संस्कृत मालेत नाटकाची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा ही गीतं मागाहून घातलेली आहेत असं मत मांडलं. वाद पुढेही चालू राहिला. कालिदासाची असोत वा नसोत, प्रयोगात त्यांचा उपयोग मोठा आहे: गीत दुसऱ्याने गायलं तर नटाला दम घ्यायला आणि भाव बदलायला वेळ मिळतो. गीतं गाळली तर ती जागा चालण्याने आणि थांबण्याने भरावी लागते. नाहीतर श्लोकामागून श्लोक येतात आणि सगळे एकाच सुरात वाहून जातात.

म्हणायचं कसं, याचा विचार भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. आवाजाची तीन स्थानं: उर, कंठ, शिर. सहा अलंकार: उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित. काकूचे, म्हणजे अर्थ सुचवणाऱ्या आवाजाच्या चढउताराचे, दोन प्रकार: साकांक्ष, म्हणजे अर्थ अजून पुरा व्हायचा आहे असं सुचवणारी, आणि निराकांक्ष, म्हणजे पुरा झाला असं सांगणारी. उन्मादाची लक्षणंही मोजून दिली आहेत: कारण नसताना हसणं, रडणं, ओरडणं, असंबद्ध बोलणं, मधेच बसणं, उठणं, धावणं, गाणं. यात रडणं अनेकांपैकी एक आहे, हे ध्यानात ठेवावं. आणि सगळ्यांत मोलाचं सांगणं विरामाबद्दल: विराम अर्थाच्या धोरणाने घ्यावा, छंदाच्या नव्हे.

या एका सूत्राची किंमत कळायला पुढचा श्लोक पुरेसा आहे. भरून आलेल्या ढगाला राक्षस समजून पुरूरवा त्याच्यावर धावून गेला आहे. मग निरखून पाहतो आणि म्हणतो:

नवजलधरः सन्नद्धोऽयं न दृप्तनिशाचरः
सुरधनुरिदं दूराकृष्टं न नाम शरासनम् ।
अयमपि पटुर्धारासारो न बाणपरम्परा
कनकनिकषस्निग्धा विद्युत्प्रिया न ममोर्वशी ॥

हा नवा ढग सज्ज झालाय, माजलेला राक्षस नव्हे. हे इंद्रधनुष्य, ताणून ओढलेलं धनुष्य नव्हे. ही पावसाची जोरदार सर, बाणांची माळ नव्हे. कसोटीवरच्या सोन्याच्या रेघेसारखी ही वीज, माझी लाडकी उर्वशी नव्हे.

वृत्त हरिणी: गण न स म र स ल ग, चरणात 17 अक्षरं, यती, म्हणजे छंदाने ठरवलेली थांबण्याची जागा, 6, 4 आणि 7 अक्षरांवर. पहिल्या चरणात यती आणि अर्थ बरोबर चालतात. दुसऱ्यात 'इदं'वर थांबावं आणि 'दूराकृष्टं' पुढच्या शरासनाला जोडून घ्यावं, कारण ओढलेलं आहे ते धनुष्य. तिसऱ्यात यती 'पटुः' आणि 'धारासारः' यांच्यामधे पडते, पण संधीतल्या रफाराने ते शब्द बांधलेले आहेत, म्हणून पहिली दहा अक्षरं एका दमात जायला हवीत. चौथ्यात तर यती 'कनकनिकषस्निग्धा' या समासाच्या पोटात येते. तिथे थांबलं की शब्दच फुटतो. खरा विराम 'विद्युत्'नंतर हवा. तो न घेता 'विद्युत्प्रिया' सलग म्हटलं, तर ऐकणाऱ्याला 'विजेची प्रिया' असा भलताच समास ऐकू येतो.

आता चारही चरणांतला 'न' शोधा. पहिल्या तीन चरणांत तो 11व्या अक्षरावर आहे, चौथ्यात 13व्यावर. मधे 'प्रिया' ही दोन अक्षरं आधी आली आहेत. तेवढ्या वेळापुरती वीज त्याला उर्वशीच वाटते, मग नकार येतो. शिवाय पहिले तीन नकार भीती घालवणारे आहेत: राक्षस नाही, धनुष्य नाही, बाण नाहीत. चौथा नकार ती इथे नाही हे सांगतो. म्हणून पहिले तीन 'न' सुटकेच्या स्वरात, निराकांक्ष आणि द्रुत घ्यावेत. 'प्रिया' वर चढवून साकांक्ष ठेवावी आणि चौथा 'न' खाली, उरातून, विलंबित यावा. चारही 'न' सारखेच दुःखी म्हटले तर श्लोकातली पायरीच नाहीशी होते.

अर्थ आणि चाल यांच्यातला हा ताण मराठी रंगभूमीला फार जवळचा आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि संस्कृत श्लोकांच्या जागी पदं आली. देवलांनी 'विक्रमोर्वशीय'ही मराठीत आणलं. पदाने भाव घरोघरी पोचवला, ही गोष्ट थोर आहे. पण पदात ओळ फिरून फिरून येते, आणि दुसऱ्यांदा आलेला नकार पहिल्यासारखा धक्का देत नाही. दुसरा अडथळा शाळेत पाठ झालेल्या चालींचा. हरिणीची चाल जिभेवर बसली की ती आपसूक सहाव्या अक्षरावर थांबवते. उपाय जुनाच: आधी अन्वय लावून श्लोक गद्यासारखा म्हणावा, मग लघुगुरू सांभाळून पण चालीविना, आणि शेवटी सुरात. संधी मात्र कुठल्याच टप्प्यावर सोडवू नये. 'मम उर्वशी' असं तोडलं तर चरणात एक अक्षर वाढतं. 'ममोर्वशी'मध्ये तिच्या नावाचा पहिला स्वर 'मम'मध्ये विरघळलेला आहे, तो तसाच ऐकू यावा.

नजरेचंही तसंच. ढग, इंद्रधनुष्य, पाऊस यांच्यावर डोळे स्थिर राहू शकतात, वीज थांबत नाही. 'विद्युत्' म्हणताना नजर तिकडे वळते तोवर ती गेलेली असते, आणि 'प्रिया न' हे शब्द रिकाम्या आभाळाकडे पाहत म्हणायचे असतात.