मुरुड म्हणजे कुठलं मुरुड?

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या भाऊजींनी काशीद ओलांडल्यावर खोलीच्या मालकांना फोन लावला. "तासाभरात पोचतोय, पाच पानं तयार ठेवा." पलीकडून विचारणा झाली, "आसूद गेलं का?" भाऊजी म्हणाले, "आसूद माहीत नाही, पण आत्ताच फणसाड अभयारण्याची पाटी गेली." पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग शांतपणे उत्तर आलं, "मग तुम्ही काही दुपारच्या जेवणाला येत नाही. आमचं मुरुड दापोलीचं हो!"

भाऊजींना हसण्यात अर्थ नाही. कोकण किनाऱ्यावर मुरुड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव, ज्याला सगळे मुरुड-जंजिरा म्हणतात. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, हर्णै आणि कर्दे यांच्या मधलं. दोन्हीकडे लांबलचक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दोन्हीकडे नारळी-पोफळी, आणि "समोर समुद्रात किल्ला आहे" हे वाक्य दोन्ही ठिकाणच्या जाहिरातीत खरं ठरतं. (तिसरं मुरुड लातूर जिल्ह्यात आहे. तिथे समुद्र शोधत अजून कोणी पोचल्याचं ऐकलं नाही, पण मॅपवर टाकून बघा, तेही येतं.) खोली ठरवण्याआधी पत्त्यातला पिनकोड बघायचा. ४०२ ने सुरू होत असेल तर रायगड, ४१५ ने सुरू होत असेल तर रत्नागिरी. एसटीच्या पाटीवर मात्र विसंबू नका. मुंबईहून सुटणाऱ्या गाडीवर नुसतं "मुरुड" लिहिलेलं असेल तर ती बहुतेक रायगडातली. दापोलीच्या मुरुडला जाणारा माणूस आधी दापोली गाठतो आणि तिथून आसूदमार्गे खाली उतरतो.

आता किल्ल्याचं. गोंधळ इथे दुप्पट होतो. रायगडातल्या मुरुडच्या पुळणीवर उभं राहिलं की समुद्रात एक किल्ला दिसतो, आणि दर सुट्टीत शेकडो लोक त्याच्यासमोर "जंजिरा" म्हणून फोटो काढतात. तो जंजिरा नव्हे. तो पद्मदुर्ग, म्हणजे कासा किल्ला. जंजिऱ्याचा धनी असलेल्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला. खरा जंजिरा टेकाडाच्या पलीकडे, राजापुरी गावासमोर आहे. मुरुडहून चार-पाच किलोमीटर जायचं, तिकीट काढायचं आणि शिडाच्या होडीत बसायचं. अरबीत जझीरा म्हणजे बेट, त्याचं जंजिरा झालं. होडी अगदी तटाला भिडेपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही, आणि कळतो तेव्हा होडीतल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरे!" निघतं. आत चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव आहेत आणि तटावर कलाल बांगडी तोफ आहे. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती. राजापुरीच्या धक्क्यावर उभं राहून मधलं पाणी बघितलं की त्या कामाचा आवाका कळतो. मराठ्यांना हा किल्ला कधीच मिळाला नाही. सिद्दींचं संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं, आणि नवाबाचा राजवाडा मुरुडमध्ये शिरताना टेकडीवर आजही दिसतो.

दापोलीकडचा किल्ला म्हणजे सुवर्णदुर्ग, हर्णैसमोरचा. हा मात्र मराठ्यांचा, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. जंजिरा नाही, आणि कारण उघड आहे. तरी किल्ला बघण्याचा आनंद म्हणाल तर माझं मत जंजिऱ्याला. सुवर्णदुर्गाचे तट देखणे आहेत, पण आत बरंच झाडोरा-झुडूप आहे आणि मे महिन्यात लहान मुलांना घेऊन तिथे फिरणं म्हणजे शिक्षा.

पण तुम्ही निघालात कशासाठी, हा मुद्दा आहे. बघायला निघालात तर जंजिऱ्याचं मुरुड, पडून राहायला निघालात तर दापोलीचं. पहिलं चांगलं भरलेलं गाव आहे. नगरपालिका, बाजार, पुळणीवर घोडागाड्या, भेळ, बर्फाचा गोळा, संध्याकाळी जत्रा. जवळच काशीद, फणसाड, खोकरीचे घुमट, असं दोन दिवसांचं काम निघतं. मुंबईहून साधारण दीडशे किलोमीटर, आणि भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला उतरलात तर पेणची रांगही चुकते.

दापोलीचं मुरुड मुंबईहून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. जायला अख्खा दिवस मोडतो हे धरूनच चला. पण पोचल्यावर करण्यासारखं फारसं काही नाही, आणि तेच मला आवडतं. दोन्ही अंगाला वाड्या असलेला अरुंद रस्ता, चिऱ्याचे गडगे, पाटाच्या पाण्याचा आवाज, आणि आगरातून पाच मिनिटं चाललं की समुद्र. बाहेर उन्हाने जीव जात असताना पोफळीखाली बाज टाकून दुपार निघते. दुर्गादेवीचं देऊळ लाकडी खांबांसाठी सावकाश बघावं. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. सतराव्या वर्षी सहावीच्या परीक्षेसाठी ते इथून शंभरेक मैल चालत साताऱ्याला गेले आणि "तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस" म्हणून परत पाठवले गेले. तो रस्ता एसीत बसून चढताना मुलांना ही गोष्ट सांगावी, निदान "अजून किती?" हा प्रश्न थोडा वेळ थांबतो. गेल्या काही वर्षांत पुळणीवर वॉटर स्पोर्ट्स आले, रिसॉर्टं झाली, कर्द्याच्या बाजूला गजबज वाढली. तरी सकाळी सहाला अजून पुळण तुमची एकट्याची असते.

या पुळणीची एक खोड आहे. वाळू इतकी घट्ट की गाडी न्यावीशी वाटते. लोक नेतात, पाण्याच्या कडेला लावून पोहायला उतरतात आणि परत येईपर्यंत मागची चाकं रुतलेली, पुढून भरती. मग ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला किती मागतो ते लाटा ठरवतात.

भरतीचा हिशोब दोन्ही मुरुडांत एकच, आणि तो कोळ्यांकडून शिकण्यासारखा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराच्या पुढे. साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी मवाळ. कालनिर्णय भिंतीवर असतंच, सुट्टीची तारीख ठरवताना त्यात डोकावावं. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं आणि वरून समुद्र शांत दिसतो. २०१६ च्या फेब्रुवारीत जंजिऱ्याच्या मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, तेही पावसाळा नसताना. गुडघाभर पाण्याची मर्यादा घरच्या मोठ्यांनाही लावावी.

तारखेवरून आणखी एक फरक पडतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वारा फिरतो आणि प्रवासी होड्या, वॉटर स्पोर्ट्स पावसाळ्यासाठी बंद होऊ लागतात. तेव्हा जंजिऱ्याच्या मुरुडला गेलात तर किल्ला राजापुरीच्या धक्क्यावरूनच बघाल, म्हणजे निम्मी सहल बुडाली. दापोलीच्या मुरुडचं फक्त डॉल्फिन बघायला जाणं हुकतं. आंबा, फणस आणि आगर जागेवरच असतात. १ जूनपासून मासेमारी बंदी लागते, मग ताज्या मासळीचंही दोन्हीकडे अवघड.

आणि चुकून दुसऱ्याच मुरुडला पोचलात तर? महामार्गाकडे परत वळू नका. जंजिऱ्याच्या मुरुडजवळ आगरदांड्याला जंगल जेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट आहे, तिने गाडीसकट दिघीला उतरायचं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला दुसरी जेटी, पलीकडे वेसवी. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड. अख्खी दुपार जाते, पण कोकणातला याहून देखणा रस्ता मला माहीत नाही. भाऊजी त्या दिवशी असेच गेले. हर्णैच्या बंदरावर पोचले तेव्हा लिलाव उठायच्या बेतात होता. ताईचा राग काढायला त्यांनी दोन मोठ्या सुरमया घेतल्या आणि विजयी मुद्रेने मुरुडच्या मालकांपुढे धरल्या. मालकांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "मासळी झकास आहे. पण आमच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा चतुर्मासात येत नाही."