ट्रॉली अग्निशामक (इंधनसाठ्यासाठी)

पेट्रोल, डिझेल, नाफ्था यांच्या टाक्यांभोवती ठेवलेले, चाकांवरून ओढत नेण्याचे मोठे अग्निशामक. गोव्यात मुरगाव बंदरात जहाजांनी उतरणारे इंधन जवळच्या टाक्यांत साठवले जाते. अशा आवारात ट्रॉल्या बांधाबाहेर (सांडलेले तेल अडवणाऱ्या, टाक्यांभोवतीच्या बुटक्या भिंतीबाहेर), पंपघराशी आणि टँकर भरण्याच्या जागी उभ्या करतात. कोरड्या रासायनिक पावडरची (डीसीपी) ७५ किलोची आणि फेसाची ५० ते १५० लिटरची ट्रॉली सर्रास वापरात आहे. चाकांच्या अग्निशामकांचे भारतीय मानक आयएस १६०१८ हे होय.

ट्रॉलीने पेटलेली टाकी विझत नाही, हे आधी समजून घ्यावे. २० मीटर व्यासाच्या टाकीचा पृष्ठभाग ३१४ चौ. मी. भरतो. दर चौ. मीटरला मिनिटाला ५ लिटर फेसद्रावण धरले तर मिनिटाला १,५७० लिटर लागतात; १५० लिटरची ट्रॉली सहा सेकंदही पुरणार नाही. ते काम टाकीवर बसवलेल्या फेसनळ्यांचे, मॉनिटरचे (लांबवर फवारा मारणाऱ्या मोठ्या तोटीचे) आणि बंबांचे. ट्रॉली सांडलेल्या इंधनासाठी असते : पंपाचा सील गळला, टँकर भरताना उतू गेला, बांधातल्या गटारात तेल पेटले. ही आग पहिल्या दोन-तीन मिनिटांत आवरली, तर टाकीचा पत्रा तापत नाही.

चालवायला दोन माणसे लागतात. इशारा देऊन १०१ ला कळवावे, पंप थांबवून झडप बंद करावी. गळती चालू असताना नुसती ज्वाळा विझवली तर वाफ साचत राहते आणि ठिणगी मिळताच भडका उडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती गटारातून दूरवर सरकते. वारा पाठीशी घेऊन ट्रॉली आणावी आणि होज (लवचिक नळी) पूर्ण सोडावा. गुंडाळलेल्या होजमध्ये दाब सोडला की पीळ पडून पावडर अडते किंवा नोझल हातातून निसटते. नोझल बंद ठेवून एकाने ते धरावे, दुसऱ्याने पावडर बाहेर ढकलणाऱ्या गॅसच्या बाटलीची झडप उघडावी. पावडर भुसभुशीत होऊन दाब चढेपर्यंत काही सेकंद थांबावे. मग आगीच्या जवळच्या काठापासून, ज्वाळांच्या बुडाशी, डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखा फवारा न्यावा. विझल्यावर पाठ फिरवू नये : पावडर थंड करत नाही, तापलेल्या लोखंडावरून तेल पुन्हा पेटते.

म्हणून पावडरीमागून फेस देतात. पावडर फेसाला चालणारी हवी. साधी सोडाबायकार्बची (खाण्याच्या सोड्याची) पावडर काही प्रकारचे फेस मोडते. फेस तेलात घुसवायचा नसतो. समोरच्या भिंतीवर किंवा बांधावर मारून तो तेलावर हळूहळू पसरू द्यावा. फेसात पाणी असल्याने पंपाची वीज आधी तोडावी. इथेनॉलच्या टाकीजवळ साधा एएफएफएफ फेस (तेलावर पातळ पाण्याचा पापुद्रा धरणारा) ठेवणे ही गंभीर चूक आहे. अल्कोहोल त्यातले पाणी ओढून घेते आणि थर विरतो. तिथे अल्कोहोलरोधक फेसच लागतो.

गोव्यात बिघाड बहुतेक हवेमुळे होतात. खारा वारा चाकांचे बेअरिंग आणि झडपेची दांडी गंजवतो, त्यामुळे गरज पडते तेव्हा ट्रॉली जागची हलत नाही. दमट हवेत झाकण उघडे राहिले तर पावडरीचे गठ्ठे होतात. झाकण कोरड्या दिवशी, उरलेला दाब पूर्ण सोडूनच उघडावे. गॅसची बाटली वजन करून तपासतात. भरलेल्या गॅसपैकी १० टक्क्यांहून अधिक घट दिसली की ती बदलावी. पावसाआधी चाकांना ग्रीस, होजची तपासणी आणि वर छप्पर, एवढे व्हायलाच हवे.

जांभ्याच्या लाल चिखलात भरलेली ट्रॉली रुतते, म्हणून तिची वाट काँक्रीटची करावी. दिवसा वारा समुद्रावरून येतो, रात्री बरेचदा जमिनीकडून; त्यामुळे सगळ्या ट्रॉल्या एकाच बाजूला ठेवल्या तर अर्धा वेळ त्या धुराच्या तोंडी येतात. टाक्यांच्या निदान दोन बाजूंना त्या असाव्यात. बांधातले पावसाचे पाणी सोडल्यावर निचऱ्याची झडप लगेच बंद करावी. ती उघडी राहिली तर सांडलेले तेल पाण्याबरोबर बांधाबाहेर जाते, आणि मग ट्रॉली कुठे न्यायची तेच कळत नाही.