स्ट्रिंग-रिप्लेस आणि रिप्लेस-रेजेक्स्प-इन-स्ट्रिंग: इमॅक्स लिस्पमधली नेहमीची गल्लत

इमॅक्स लिस्पमध्ये (इमॅक्स या टेक्स्ट एडिटरची प्रोग्रॅमिंग भाषा) स्ट्रिंगमधला मजकूर बदलायला ही दोन फंक्शन्स, आणि दोघांना आर्ग्युमेंट्स एकाच क्रमाने द्यायची: काय शोधायचं, त्याजागी काय टाकायचं, कशात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं लिहिलं तरी कोड बहुतेक वेळा मुकाट चालतो, घोळ आउटपुटमध्ये दिसतो, तोही दिसला तर. पुढे मी त्यांना छोटं आणि लांबडं म्हणतो, पूर्ण नावं टाइप करायचा कंटाळा.

"ता. १५" घ्या, त्यातलं टिंब काढायचंय. छोट्याला "." आणि "" दिलं की "ता १५" मिळतं. लांबड्याला हेच दिलं की हातात रिकामी स्ट्रिंग! लांबडं शोधायचा मजकूर रेजेक्स (पॅटर्न लिहायची खुणांची भाषा) म्हणून वाचतं, आणि रेजेक्समध्ये टिंब म्हणजे नवी ओळ सोडून कुठलंही एक कॅरॅक्टर, त्यामुळे सगळंच धुऊन निघालं. तिथे "\\." लिहायचं, आणि बॅकस्लॅश दोन कारण एक लिस्पचा रीडर स्ट्रिंग वाचतानाच गिळतो, रेजेक्सपर्यंत एकच पोचतो.

दुसरी भानगड कॅपिटल-स्मॉलची. मला ही फार उशिरा कळली, कारण माझ्या नोट्स मराठीत आणि देवनागरीत कॅपिटल नावाचा प्रकारच नाही. एकदा इंग्रजी शीर्षकांवरून फाइलींची नावं बनवत होतो, 'पूना'च्या जागी 'पुणे', दोन्ही इंग्रजी स्मॉल अक्षरांत दिलेलं, तरी जिथे मूळ शब्द सगळा कॅपिटल होता तिथे माझं 'पुणे'पण कॅपिटल होऊन आलं. म्हणजे लांबडं एक तर शोधताना केस बघत नाही (केस-फोल्ड-सर्च बाय डिफॉल्ट चालू असतं), वर जुन्या शब्दाचा थाट बघून तोच नव्याला चढवतं. चौथं आर्ग्युमेंट टी (लिस्पमधलं 'हो') दिलं की हा थाट बंद, पण शोधताना केस बघायला हवा असेल तर केस-फोल्ड-सर्च निल ('नाही') करावंच लागतं. पाचवं आर्ग्युमेंट टी नसेल तर बदली मजकुरातल्या बॅकस्लॅशला खास अर्थ लागतो, म्हणजे तिथे विंडोजचा पाथ टाकलात की बोंब.

छोट्याला असली हुशारी माहीत नाही, दिलं तेच शोधतं आणि दिलं तेच टाकतं. ते आलं मात्र २०२२ मध्ये, इमॅक्स २८.१ बरोबर. त्याआधी साध्या बदलासाठीपण लांबडंच वापरायचे, शोधायचा शब्द रेजेक्स्प-कोटमध्ये (खास खुणा साध्या करून देणारं फंक्शन) गुंडाळून आणि शेवटी टी टी लावून, जुन्या पॅकेजेसमध्ये ते अजून सापडतं. (रिप्लेस-स्ट्रिंग ही तिसरीच गोष्ट, ती कमांड थेट बफर, म्हणजे एडिटरमध्ये उघडलेला मजकूर, बदलते. नावं ठेवणाऱ्याला नमस्कार.)

मग लांबडं कधी? पॅटर्न असेल तेव्हाच. "१५/०८/१९४७" चं "१९४७-०८-१५" करायचंय:

शोधा: "\\([०-९]+\\)/\\([०-९]+\\)/\\([०-९]+\\)"
टाका: "\\3-\\2-\\1"

इथे मराठी माणसाला दोन ठेचा हमखास. डिजिट नावाचा जो तयार कॅरॅक्टर क्लास आहे तो इमॅक्समध्ये फक्त इंग्रजी आकडे पकडतो, म्हणून [०-९] हाताने लिहायचं. आणि ग्रुपचे (पॅटर्नमधल्या कंसांचे) नंबर इंग्रजीतच, "\\३" लिहिलंत तर एरर.

शिवाय लांबड्याला बदली मजकुराऐवजी फंक्शनपण देता येतं, प्रत्येक सापडलेला तुकडा त्या फंक्शनकडे जातो आणि ते जे परत देईल ते तिथे बसतं. देवनागरी आकडे इंग्रजी करायला मी हेच वापरतो: देवनागरी शून्याचा कोड २४०६, इंग्रजी शून्याचा ४८, पॅटर्न नुसता "[०-९]" ठेवायचा आणि लॅम्डामध्ये (बिननावाच्या फंक्शनमध्ये) प्रत्येक आकड्याच्या कोडमधून २३५८ वजा करायचे. छोट्याने हेच करायचं तर दहा वेळा कॉल करा, एकेका आकड्यासाठी.